चौदावी फरशी

परसातल्या फरश्या नीट करून घेणे ही काही दिवाळी अंकात सांगण्यासारखी गोष्ट आहे काय, असे तुम्ही विचाराल. तुमचे बरोबर आहे. मीही आजवर तसेच समजत होतो. गवंडी बोलवावा, त्याच्याशी मजुरीची घासाघीस करावी, चार दिवस घरभर धूळ खावी आणि शेवटी ‘पुन्हा म्हणून हे काम काढायचे नाही’ अशी प्रतिज्ञा करावी. यापलीकडे असल्या कामात असते काय? पण २०२३ सालच्या जानेवारीत आमच्या परसातल्या एकोणतीस फरश्या उचलून पुन्हा बसवल्या, तेव्हा मला जे कळले ते चौतीस वर्षे शाळेत भूमिती शिकवून कळले नव्हते. म्हणून सांगतो.

घर सोलापुरातले, जुन्या पेठेतले. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने बाहेर पडले की फरश्यांची एक वाट लागते. दोन फूट चौरस अशा चौदा फरश्या सरळ जातात. चौदाव्या फरशीपाशी वाटेला फाटा फुटतो. उजवीकडे वळून नऊ फरश्या चालले की तुळशीवृंदावन. न वळता तसेच सरळ गेले तर आणखी सहा फरश्या, मग परसदार, आणि परसदाराबाहेर बोळात उतरणाऱ्या तीन पायऱ्या. हा नकाशा वाचकांनी जरा ध्यानात ठेवावा. मास्तरकीची खोड म्हणून सांगत नाही. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या फरश्या वडिलांनी १९६२ साली घातल्या. ते गिरणीत कारकून होते. घर बांधून झाले तेव्हा पैसे संपले, आणि परसात काळी माती तशीच राहिली. सोलापूरची काळी माती ज्यांनी पावसाळ्यात तुडवली आहे त्यांना जास्त सांगायला नको. पहिल्या पावलाला शेरभर चिखल चपलेला लागतो आणि दुसऱ्या पावलाला चप्पलच मातीत राहते. दोन पावसाळे आई तो चिखल तुडवीत तुळशीपर्यंत गेली. तिसऱ्या पावसाळ्याच्या आधी वडिलांनी बैलगाडीतून शहाबादी फरशी आणली आणि एका गवंड्याला हाताशी घेऊन, रविवारामागून रविवार खपून ती बसवली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. घमेल्यातली वाळू वाटेत सांडण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते मी चोख केले.

शहाबाद आमच्यापासून फार दूर नाही. सोलापूरहून रायचूरकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. गुलबर्गा, ज्याला २०१४ पासून कलबुर्गी म्हणतात, ते मागे पडले की थोड्याच वेळात शहाबाद येते. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होते, १९५६ मध्ये ते म्हैसूर राज्यात गेले, १९७३ मध्ये त्या राज्याचेच नाव कर्नाटक झाले. दगडाला यातले काहीच कळले नाही. आमच्या सोलापूरखालचा काळा कातळ लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आणि शहाबादेचा चुनखडक त्याहूनही कितीतरी जुना. उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ अगदी संथपणे, थरावर थर असा बसत गेला आणि त्याचा दगड झाला. म्हणून तो खाणीत पहारीने उचकटला की वहीचे पान सुटावे तसा सपाट सुटून येतो. समुद्राने सपाट करून दिलेली ही वस्तू. ती सपाट ठेवण्याचे कष्ट तेवढे माणसाच्या वाट्याला आले.

उन्हाळ्याच्या संध्याकाळी आई या फरश्यांवर बादल्या ओतायची. दिवसभर तापलेला दगड चर्र करून पाणी पिऊन टाकायचा आणि परसभर एक ओलसर वास पसरायचा. मग रात्री तिथेच अंथरुणे. पाठीखाली सतरंजी, सतरंजीखाली दगड, आणि दगडातली दिवसभराची ऊब हळूहळू पाठीत शिरायची. पंखे आले, मग कूलर आले, आणि आम्ही आत झोपायला लागलो. परसातल्या फरश्या तेव्हापासून केवळ चालण्यापुरत्या उरल्या.

साठ वर्षांत त्यांना माणसांसारखे स्वभाव फुटले. दुसरी फरशी डुगडुगी. पाय पडला की ‘डुग्’ असे बोलायची. पाचवी एका अंगाला खचलेली. तिच्यावर वाटीभर पाणी साचायचे आणि चिमण्यांचे नाहणे तिथेच चालायचे. नववीला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेलेला. वर्गात कर्ण शिकवताना मला तो हटकून आठवायचा. चौदावी, म्हणजे जिथे वाट फुटते ती, उजवीकडे कललेली. तुळशीच्या आधीची शेवटची फरशी शेजारणीपेक्षा बोटभर खाली. पाहुणे ठेचकाळत, आम्ही घरचे मात्र कधी नाही. ‘जपून हं, तिथली फरशी जरा हलते,’ हे वाक्य आमच्याकडे ‘या, बसा’च्या जोडीने उच्चारले जाई.

आईला काचबिंदू असल्याचे २००९ साली कळले. या दुखण्याची रीत चोराची आहे. दुखत नाही, खुपत नाही. ते बहुधा नजरेच्या कडा आधी खाते; समोरचे दिसत राहते, म्हणून माणसाला वाटते की आपले सगळे ठीक चालले आहे. गेलेली नजर परत मिळत नाही. डोळ्यातला दाब थेंबांनी कमी ठेवायचा आणि उरलेली नजर सांभाळायची, एवढेच हाती असते. आमच्या लक्षात आले तेव्हा सांभाळण्यासारखे फार उरले नव्हते. २०१८ च्या सुमारास तिला उजेड आणि अंधार एवढेच उमगू लागले. डॉक्टर मला म्हणाले होते, ‘तुम्हीही डोळे तपासून घेत चला. हे दुखणं घराण्यात उतरतं.’ मी ‘हो’ म्हणालो आणि आईच्या चष्म्याची डबी खिशात घालून बाहेर पडलो.

पण तुळशीला पाणी घालायला ती एकटीच जाई. सकाळी हातात भरलेला तांब्या, संध्याकाळी नुसता नमस्कार. हात धरू का म्हटले की म्हणायची, ‘माझी वाट मला ठाऊक आहे.’ आणि खरोखरच तांब्यातला थेंबही सांडत नसे. अनवाणी पायांनी ती एका लयीत चालायची, चौदाव्या फरशीवर क्षणभर थांबायची, उजवीकडे वळायची आणि तुळशीच्या बरोबर पुढे जाऊन उभी राहायची. शेजारच्या बायका याला तिची पुण्याई म्हणत. मी शिकलेला माणूस, मी याला सवय म्हणत असे. विचार करण्याचे कष्ट मात्र दोन्ही पक्षांनी घेतले नव्हते.

२०२२ च्या नवरात्रात, चौथ्या की पाचव्या माळेला, आई पडली. तांब्याचा आवाज झाला आणि मागोमाग तिचा. आम्ही धावलो तेव्हा ती अकराव्या फरशीपाशी बसली होती. डावा हात उजव्या हातात धरलेला, चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा आश्चर्य जास्त. ‘ही फरशी इथं नव्हती,’ ती म्हणाली. पडल्यामुळे गोंधळली असेल, असे आम्हाला वाटले. डाव्या मनगटाचे हाड मोडले होते. खुबा वाचला हे नशीब. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी खुबा मोडला म्हणजे माणूस पुन्हा उठेलच असे नाही. सहा आठवड्यांचे प्लास्टर पडले.

दुसऱ्या दिवशी मी परसात जाऊन पाहिले. अकरावी फरशी, जी साठ वर्षांत कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात नव्हती, तिची एक कड खाली बसली होती आणि समोरची कड इंचभर वर आली होती. कडेला बिळाचे तोंड. घुशीने खालची माती पोखरली, पावसाने ती पोकळी ढासळवली, आणि फरशी एका रात्रीत कलली. मला घुशीचा राग आला, फरशीचा आला, आणि साठ वर्षे ‘तिथली फरशी जरा हलते’ असे म्हणत स्वस्थ बसलेल्या स्वतःचाही आला. मी ठरवले, आता एकही फरशी वाकडी ठेवायची नाही.

घरात सभा भरली. बायको म्हणाली, ही सगळी उखडून सिमेंटचे पेव्हर ब्लॉक घाला, हल्ली सगळीकडे तेच असतात. मुलाने पुण्याहून फोनवर टाइलची छायाचित्रे पाठवली. इतक्या गुळगुळीत, की त्यात तुळशीचे प्रतिबिंब पडावे. आणि ओल्या पायाने चालणाऱ्याचे काय पडावे, हे छायाचित्रात दिसत नव्हते. शेवटी गवंड्याला विचारावे असे ठरले.

मिस्त्री आले. साठीचे असतील, चौथीत शाळा सोडलेली. त्यांनी आधी काही बोलणे केले नाही. थापीची मूठ उलटी धरून एकेका फरशीवर ठोकत ते वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. काही फरश्या ठणठणीत वाजत, काही बद्द. बद्द वाजली की ते खडूने फुली करीत. डॉक्टर छाती ठोकून पाहतो त्याची मला आठवण झाली.

‘मिस्त्री, दगड फार वाकडेतिकडे झालेत,’ मी म्हणालो.

‘दगड न्हाई वाकडा झाला, सर. दगड कशाला वाकडा होतोय? खालची जागा हललीय.’

मग त्यांनी मला आमच्याच मातीविषयी चार गोष्टी सांगितल्या. काळी माती पावसाचे पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दर वर्षी ती वरचे ओझे थोडे उचलते आणि थोडे सोडते. पण सगळीकडे सारखे उचलत नाही नि सारखे सोडत नाही. नळाखालची ओली राहते, भिंतीकडेची कोरडी. शिवाय मुंग्या वाळू काढून नेतात, पन्हाळीचे पाणी एकाच जागी पडून खालचा भराव धुऊन नेते, घूस पोखरते. वरून पाहणाऱ्याला मात्र फरशी वाकडी दिसते आणि तो फरशीला नावे ठेवतो.

‘मग कधी सुरू करायचं?’

‘आत्ता न्हाई. आत्ता माती फुगलीय. हिला उतरू द्या. गड्डा झाला की येतो.’

गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची संक्रांतीतली यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक निघाली, यात्रेतले पाळणे फिरले, आणि त्यानंतरच्या सोमवारी मिस्त्री खरोखरच आले. गवंड्याने दिलेला वायदा पाळल्याचे हे उदाहरण मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

काम चार दिवस चालले. पहिल्या दिवशी प्रत्येक फरशीवर खडूने क्रमांक घातले आणि कुठली कड कुठल्या दिशेला ती खूण केली. कारण साठ वर्षे शेजारी राहिलेल्या फरश्यांच्या कडा एकमेकींना सरावलेल्या असतात, जागा बदलल्या तर सांधे जुळत नाहीत. मग पहार. पहार घालण्यातही रीत आहे. कोपऱ्याखाली घातली तर कोपरा फुटतो. ती कडेच्या मधोमध घालायची, फरशी दोन बोटे उचलली की खाली लाकडाचा तुकडा सरकवायचा, मग पहार पुढे घ्यायची. दीड इंच जाडीची ती फरशी पस्तीस-चाळीस किलोंची. तिला उचलायला दोघे लागत. दुसऱ्या फरशीखाली पाटीचा एक त्रिकोणी तुकडा निघाला. डुगडुगणे थांबावे म्हणून वडिलांनी कधीतरी तो खाली सारला असावा. डुगडुगणे थांबले नव्हते. पाटी बहुधा माझीच असावी. तिच्या हरवण्याबद्दल मी मार खाल्लेला मला आठवतो.

खालची काळी माती फूटभर खणून काढली. बिळात विटांचे तुकडे आणि फुटक्या काचा ठासल्या. मग मुरूम, सगळा एकदम नव्हे, निम्मा टाकून, पाणी मारून, धुम्मसाने चोपायचा, मग उरलेला निम्मा. त्यावर दोन इंच दगडाचा कच पसरून पट्टीने ओढून घ्यायचा, आणि त्यावर फरशी अलगद ठेवून लाकडी हातोड्याने ठोकत बसवायची. मी म्हटले, खाली चांगले सिमेंट घाला, म्हणजे कायमचे काम होईल. मिस्त्री हसले. ‘माती हलणारच, सर. तिला कोण धरणार? सिमेंट घातलं तर सिमेंट तडकंल नि दगडाला बी घेऊन तडकंल. कचावर ठेवली तर पुढच्याला उचलून नीट करता येतीय.’ पुढच्याला म्हणजे कुणाला, हे मी विचारले नाही.

माझी एकच अट होती: काम पाणसळीत पाहिजे. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला पाहिजे. यावर आमचा वाद झाला. मिस्त्री म्हणाले, ‘बुडबुडा मधी आला की पाणी बी मधी बसलं. ढाळ नको का?’ फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढा उतार त्यांनी ठेवायचा ठरवला. मी मनात हिशेब केला: चौदा फरश्यांच्या अठ्ठावीस फुटांत साडेतीन इंच. डोळ्यांना तो कळत नाही, पाण्याला कळतो. ज्याला आपण सपाट म्हणतो ते अंगण खरे तर कुठेतरी उतरत असते, हे मी आयुष्यभर सरळ रेषा काढून विद्यार्थ्यांना कधी सांगितले नव्हते. ढाळ मी मान्य केला. बाकी सगळे मात्र माझ्या मनासारखे झाले. दोरी लावून पाहिली; या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही फरशी दोरीला टेकत नव्हती की दोरीपासून दूर जात नव्हती. दुसरी बोलेना, चौदावी कलेना. नववी तड्यावर दोन झाली होती, तिच्या जागी नवी घातली. मी बायकोला हाक मारून ते काम दाखवले. पहिला नंबर आलेल्या मुलाचे प्रगतिपुस्तक दाखवावे तसे.

प्लास्टर निघाल्यापासून आईला आम्ही हात धरून नेत होतो आणि ते तिला मुळीच रुचत नव्हते. दरजा भरून वाळल्या, आणि मी तिला म्हणालो, ‘आई, आता वाट अगदी सरळ झाली आहे. कुठंही ठेच लागायची नाही.’

‘मग आता माझी मी जाते,’ ती म्हणाली आणि तांब्या घेऊन निघाली.

मी दारात उभा राहून कौतुकाने पाहत होतो. पहिल्या फरशीवरून ती दुसरीवर गेली आणि थांबली. पाय जरासा दाबून पाहिला. पुन्हा निघाली. पण तिची लय मोडली होती. पावले आखूड पडत होती, मोकळा हात पुढे आला होता. असा हात पुढे करून चालताना मी तिला या परसात कधी पाहिले नव्हते. चौदावी फरशी आली. ती वळली नाही. पंधरावी, सोळावी. परसदार सताड उघडे होते आणि पलीकडे तीन पायऱ्या. माझ्या तोंडून शब्द फुटेना. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, ‘आई, थांबा!’

ती थांबली. परसदाराला दोन फरश्या उरल्या होत्या. तांब्यातले पाणी पायांवर सांडले होते. मी जाऊन तिचा हात धरला. तो थरथरत होता.

‘बाळ,’ ती म्हणाली, ‘तुम्ही माझी वाट पुसलीत रे.’

जुन्या मराठीत पुसणे म्हणजे विचारणे. वाट पुसणे म्हणजे रस्ता विचारणे. आणि पुसणे म्हणजे पाटीवरचे अक्षर नाहीसे करणेही. मी पहिल्या अर्थाने तिची वाट एकदाही पुसली नव्हती, म्हणूनच दुसऱ्या अर्थाने पुसून टाकली होती.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून तिने मला ती वाट सांगितली. दुसरी फरशी बोलली की आपण दारापासून सुटलो. पाचवीवर तळव्याला ओल लागली की आंघोळीच्या खोलीची भिंत उजव्या हाताला. नववीची भेग अंगठ्याला लागली की अर्धी वाट सरली. आणि चौदावी तर आपणहून उजवीकडे वळवायची. पायच त्या अंगाला जायचा. तुळशीच्या आधीची खोलगट लागली की आता नमस्कार. ‘मोजायची कधी गरजच पडली नाही,’ ती म्हणाली. ‘दिसत होतं तेव्हाही मी खाली बघून कुठं चालत होते?’

मग मला तिचे नवरात्रातले वाक्य आठवले. ‘ही फरशी इथं नव्हती.’ ती गोंधळली नव्हती. तिने अगदी बिनचूक सांगितले होते. साठ वर्षांच्या वाकडेपणाला ती कधी अडखळली नाही. ती अडखळली ती एका रात्रीत बदललेल्या फरशीला. घुशीने एका फरशीला जे केले तेच मी एकोणतीस फरश्यांना केले होते. फरक एवढाच की मी ते पाणसळ लावून केले होते.

मिस्त्रींना पुन्हा बोलावणे गेले. मी त्यांना म्हणालो, ‘चौदावी फरशी पुन्हा तिरपी करून द्या.’ साठ वर्षांच्या गवंड्याच्या आयुष्यात असे गिऱ्हाईक पहिलेच असावे. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, थोडा वेळ विडी ओढली आणि म्हणाले, ‘तिरपी कशाला? दुसरा कोन पडंल. टाकी मारू.’

पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावायची, हे आमच्या पिढीला सांगायला नको. छिन्नीने बारीक बारीक खाचा पाडणाऱ्या बायका पूर्वी बोळाबोळांतून ‘टाकीऽऽ’ अशी हाळी देत हिंडत. तेच काम मिस्त्रींनी फरशीवर करायचे ठरवले. आईला खुर्ची टाकून परसात बसवली. मिस्त्री टाकी मारीत, आई तळवा ठेवून पाही. ‘अजून जरा खोल.’ ‘हं. आता लागलं.’ चौदाव्या फरशीवर उजवीकडे जाणाऱ्या रेघा आल्या. तुळशीच्या आधीच्या फरशीवर आडव्या. आणि परसदाराकडे वळणाऱ्या पहिल्याच फरशीवर दाट ठिपके, पाय पडताच थांबावे असे. दुसरी फरशी तेवढी बोलेना. त्याला इलाज नव्हता. तिच्यावर आईच्या सांगण्यावरून एक लहान चांदणी कोरली; ती कशासाठी, ते मला अजून उमगलेले नाही. कदाचित वाटेच्या आरंभी काहीतरी शुभ असावे म्हणून.

पुढे एकदा पुण्याला जाताना फलाटाच्या कडेची पिवळी, उंचवट्यांची फरशी मी प्रथमच नीट पाहिली. इतकी वर्षे ती मी केवळ शोभेची समजत होतो. १९६७ साली जपानमधल्या ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर अशा फरश्या पहिल्यांदा बसवण्यात आल्या. सेइइची मियाके नावाच्या गृहस्थांनी त्या तयार केल्या होत्या. लांब पट्ट्या म्हणजे असेच चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा, सावध व्हा. ती लिपी आता जगभर पायांनी वाचली जाते. मी आईला हे सांगितले तेव्हा ती हसली. ‘म्हणजे आमच्या मिस्त्रींनी बरोबर केलं म्हणायचं,’ ती म्हणाली. जपानने मिस्त्रींचे ऐकले, असाच तिचा सूर होता.

नवी वाट पायांत बसायला तिला महिनाभर लागला. सुरुवातीला बायको दोन फरश्या मागून चालायची, मग चार, मग दारात उभी राहायची. होळीच्या सुमारास एके सकाळी मी उठलो तेव्हा आई तुळशीला पाणी घालून परत येत होती, आणि वाटेवर एक थेंब नव्हता.

२०२४ च्या माघात आई गेली. अंथरुणाला खिळून नव्हे. आदल्या संध्याकाळीही नमस्काराला जाऊन आली होती.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. पंधरा वर्षांपूर्वी ‘हो’ म्हटले होते, ते तेव्हा पाळले. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली, कडेला लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायला सांगितले. काही ठिपके मला दिसले नाहीत. ते होते हे मला नंतर कागदावर दाखवण्यात आले. उजव्या डोळ्याची बाहेरची कड थोडी गेली आहे. फार नाही. वेळेवर आलात, असे ते म्हणाले. मी ते शब्द जपून घरी आणले. रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालतो. दाब उतरला आहे. माझी नजर मला जन्मभर पुरेल, असा डॉक्टरांचा अंदाज आहे आणि मलाही तसेच वाटते.

तरीपण रात्री जेवणे झाली, दिवे मालवले की मी कधी कधी मागच्या दाराने परसात जातो. चपला दाराशी काढून ठेवतो आणि डोळे मिटतो. दुसऱ्या फरशीवर चांदणी लागते. मग बराच वेळ काही नाही. नुसता गार, सपाट दगड, आणि फुटाला एक सूत उतार, जो आता माझ्या पायांना थोडाथोडा कळू लागला आहे. कुठे आहोत याची शंका यायला लागते, हात आपोआप पुढे येतो. आणि मग तळव्याखाली रेघा लागतात. मी उजवीकडे वळतो.

परवा बायकोने मला असे पकडले. ‘अंधारात अनवाणी कशाला हिंडताय?’ ती दारातून म्हणाली. ‘काय करताय तरी काय?’

‘वाट पुसतोय,’ मी म्हणालो.